काकीचा उजवा अंगठा

ओले काजूगर काढायचे तर आधी हाताला खोबरेल चोपडून वर चुलीतली राख फासावी लागते. बीच्या सालातला चीक असा जहाल असतो, की कातडीला लागला की काळे डाग पडतात आणि आठवड्याभरात हात सोलून निघतो. आमचं घर रत्नागिरीहून पावस गावाला जाणाऱ्या रस्त्यावर, थोडं आत. होळीच्या आगेमागे मागच्या पडवीत तीन विळ्या मांडल्या जायच्या. एकीवर आई, एकीवर आत्या आणि तिसरीवर काकी. बी दोन्ही हातांत धरून पात्यावर दाबायची, कच्च असा आवाज व्हायचा, बीच्या दोन फाका व्हायच्या आणि मग अंगठ्याने आतला गर ढकलून पातेल्यात टाकायचा. आवाजावरून मला डोळे मिटूनही सांगता यायचं की कोण फोडतंय. आई सावकाश फोडायची. आत्या मध्ये मध्ये थांबून बोलायची. काकीचं मात्र कच्च, टप, कच्च, टप असं न थांबता चालायचं. कोमट पाण्यात गर भिजवून त्यांची तांबूस सालं काढायचं काम माझ्याकडे होतं आणि सोलता सोलता मी बरेच खायची. रात्री त्यांची उसळ व्हायची, ओलं खोबरं वाटून घातलेली. आज बाजारात मिळतात त्या काजूगरांना ती चव नाही असं मी म्हणत असते, पण खरं सांगायचं तर जीभच आता म्हातारी झाली आहे.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका मुंबईला एका कंपनीत होता आणि गाववाल्यांच्या खोलीत राहायचा. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यात काका घरी आला तो गणपतीला आणि शिमग्याला, तेवढाच. काकी चिपळूणकडची, उंच, जरा सावळी, फार बोलणारी नव्हे. घर चालवायची आत्या. ती लवकर विधवा होऊन माहेरी आली होती आणि शाळामास्तर असलेले माझे वडीलही तिच्यापुढे आवाज चढवत नसत. ती वाईट बाई होती असं मला आजही म्हणायचं नाही. घरातलं सगळं तिच्या शब्दावर चालायचं आणि तिचा शब्द बहुतेक वेळा बरोबर निघायचा, त्यामुळे तो चुकेल तेव्हा काय करायचं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. एकदा जेवताना काकीने मुंबईला जाण्याचा विषय काढला होता. आत्या भात वाढता वाढता म्हणाली, "त्या खोलीत अकरा बाप्ये झोपतात. तुला काय माळ्यावर ठेवतील?" सगळे हसले. काकीसुद्धा हसली. तिने तो विषय पुन्हा काढला नाही, पण हिला मुंबई हवी आहे हे त्या दिवसापासून घरात सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्या मोसमात एका सकाळी तेलकट हातातून बी सटकली आणि काकीचा उजवा तळहात पात्यावर गेला. जखम म्हटली तर काहीच नव्हती. अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल फुगवटा असतो, त्याच्या आतल्या कडेला, मनगटापासून दोनेक बोटं पुढे एक लहानशी चीर. आत्याने हळद दाबली, जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, आणि काकी उरलेल्या बिया डाव्या हाताने आईला पुढे करत बसली. आठ-दहा दिवसांत चीर मिटली. मागे राहिला तो दोऱ्याएवढा पांढरा व्रण.

चिंधी सुटली आणि मग एकेक गोष्ट चुकायला लागली. पहिल्यांदा चुकलं मीठ. आमच्याकडे मीठ चिमटीने घालायचं, कधी दोन चिमटी, कधी तीन, आणि काकीला चिमूटच धरता येईना. अंगठा पहिल्या दोन बोटांसमोर यायला तयार नव्हता. तो तळहाताच्या रांगेत बाजूला पडून राहायचा. ती मीठ मुठीने घ्यायची आणि अंदाजाने सांडायची. एक दिवस आमटी खारट, दुसऱ्या दिवशी अळणी. मग माझ्या वेण्या. रोज सकाळी शाळेच्या आधी काकी माझ्या दोन वेण्या घालायची, अशा घट्ट की संध्याकाळपर्यंत हलायच्या नाहीत. आता पेड तिच्या हातातून सुटायचे. शाळेत पोचेपर्यंत वेण्यांची शेपटं व्हायची आणि मुली हसायच्या. जेवताना ती भाताचा घास करायची तोही विचित्रच. अंगठ्याने घास तोंडात सरकवायचा असतो, पण ती चार बोटांचा चमचा करून तोंडच खाली न्यायची. आत्या म्हणायची, "माणसासारखं जेव गो." ब्लाऊजचे हूक लावायला तिला आईची मदत लागायची, आणि आई ते दार लावून घेऊन करायची, आत्याला कळू नये म्हणून.

आत्याचं म्हणणं तसं बिनबुडाचं नव्हतं. काकी विहिरीवरून दोन कळश्या आणत होती. अंगण झाडत होती. किल्ली अंगठा आणि तर्जनीच्या कडेत धरून कुलूप उघडत होती. "राजू ओढता येतो आणि मिठाची चिमूट धरता येत नाय? ह्याला काय म्हणायचं?" आत्या आईला विचारायची. विहिरीच्या दोराला आमच्याकडे राजू म्हणतात. खरं तर आत्याच्या प्रश्नाचं उत्तर फार सोपं आहे आणि पुढे तीसेक वर्षं मी ते डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवत आले. अंगठा हलवणारे मोठे स्नायू तळहातात नसतात, कोपरापासून खाली कातडीआड लांब पसरलेले असतात. ते अंगठ्याचं टोक वाकवतात आणि अंगठा मागे ताणतात. त्या फुगवट्यात मात्र तीन लहान स्नायू एकमेकांवर रचलेले असतात. एक अंगठा तळहातावरून वर उचलतो, एक त्याला बुडातून वाकवतो आणि सगळ्यांत आतला त्याला फिरवून इतर बोटांच्या समोर आणून उभा करतो. चौथा, जो अंगठ्याला तर्जनीकडे दाबतो, तो थोडा पलीकडे तळहातात असतो आणि त्याला हुकूम देणारी नस वेगळी, करंगळीच्या बाजूने येणारी. म्हणजे राजू ओढायचे स्नायू शाबूत आणि चिमूट धरायचे गेलेले, असं होऊ शकतं. अगदी बिनचूक तसंच होतं. पण आमच्या स्वयंपाकघरात फळा नव्हता.

शेवटी वडिलांनी मनावर घेतलं आणि काकीला रत्नागिरीला डॉक्टरकडे नेलं. मला शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही एसटीत चढले. डॉक्टर म्हातारे आणि प्रेमळ होते. त्यांनी काकीला डोळे मिटायला सांगितले आणि एक टाचणी घेऊन पाचही बोटांच्या टोकांना हळूच टोचत विचारलं, "कळतं?" काकी प्रत्येक वेळी म्हणाली, "कळतं." मग अंगठ्याच्या फुगवट्यावर टोचलं. "कळतं." "अंगठा वाकवा." टोक वाकलं. "मागे न्या." गेला. "मूठ मिटा." मिटली. डॉक्टरांनी टाचणी परत टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचली, आणि मला ती गादी फार आवडली होती, निळ्या मखमलीची. ते वडिलांना म्हणाले, "नस तुटलेली नाही. नस तुटली असती तर टोचलेलं कळलंच नसतं. भीती बसली आहे, मनाने घेतलंय त्यांच्या. हळूहळू होईल." तेलाने चोळायला सांगितलं आणि आम्ही शेवटच्या गाडीने परत आलो.

घरी आल्यावर वडिलांनी डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मास्तर होते, शब्द बदलायचे नाहीत. "मनाने घेतलंय म्हणाले." आत्याने हातातली पळी खाली ठेवली. "मग मी इतके दिवस काय बोलतंय? मनाने मुंबई घेतलीय तिच्या." डॉक्टर म्हणाले होते ते भीतीबद्दल. आमच्या घरात त्याचा अर्थ हट्ट असा झाला. हिला हात दाखवण्याच्या निमित्ताने मुंबई गाठायची आहे, असं एकदा ठरल्यावर पुढचं सगळं त्याला जुळतच गेलं. पावसाळ्यात तो फुगवटा हळूहळू बसत चालला. दुसऱ्या हाताशी लावून पाहिलं तर कुणालाही दिसलं असतं. आत्यालाही दिसलं. ती म्हणाली, "काम न करता ठेवला तर हात सुकणारच." तेराव्या वर्षी मला हे म्हणणं शंभर टक्के पटलं होतं. माझ्या वेण्यांचा रागही त्यात होताच.

गणपतीला काका आला. मोदकांच्या सकाळी आत्याने काकीला मुद्दाम उकडीपुढे बसवलं. मोदकाच्या कळ्या म्हणजे अंगठा आणि दोन बोटं ह्यांचंच काम. आधीच्या वर्षी काकीच्या मोदकांना शेजारच्या बायकांनी तोंड भरून नावाजलं होतं. ह्या खेपेला तिने डाव्या हाताने कळ्या काढायचा प्रयत्न केला, उजव्याने नुसती पारी धरली, आणि मोदकपात्राचं झाकण काढलं तेव्हा तिचे सगळे मोदक तोंड उघडून पडले होते, गूळ-खोबरं केळीच्या पानावर वाहत होतं. आरतीला आलेल्या बायकांसमोर आत्या म्हणाली, "देवाच्या नैवेद्यातपण सोंग." काकी उठून मागच्या दारी गेली. काका तिच्यामागून गेला. बऱ्याच वेळाने तो परत आला आणि ओटीवर वडिलांना म्हणाला, "भाऊ, ती खोटं बोलत नाय वाटतं. मी तिला घेऊन जातो. मुंबईला मोठ्या इस्पितळात दाखवतो. खोलीचं काय ते बघीन." वडिलांनी मान डोलावली. त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. आत्या आतून म्हणाली, "घेऊन जा बाबा. तेवढ्यासाठीच तर चाललंय सगळं." काका आत्याने वाढवलेला होता. तिच्याविरुद्ध एक पाऊल टाकायचं तर त्याला पायाखाली काहीतरी टणक लागत होतं आणि ते त्याच्याकडे नव्हतं.

इथे मी येते. मला टाचणीची युक्ती ठाऊक होती आणि त्यात मी माझी सुधारणा केली होती. जागा माणूस सोंग करू शकतो, झोपलेला नाही, असा माझा हिशेब. झोपेत हात ओढला तर नस शाबूत, नाही ओढला तर तुटलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर सगळे लवंडले. काकी माजघरात चटईवर उजवा हात बाजूला टाकून निजली होती. मी शाळेच्या बिल्ल्याची टाचणी काढली, तिच्याजवळ उकिडवी बसले आणि अंगठ्याच्या त्या बसलेल्या फुगवट्यावर टोचली. जोरात नाही, पण टोचली. काकीने सटकन हात ओढून घेतला, छातीशी धरला आणि कूस बदलली. मी धावत ओटीवर गेले. काका, आत्या, वडील तिघेही तिथे होते. "झोपेतसुद्धा कळतं तिला! हात ओढला! नस चांगली आहे!" मी म्हणाले. मला शाबासकी हवी होती आणि ती मिळाली. आत्या म्हणाली, "पोर हुशार हाय, डॉक्टर होईल." काका माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने चप्पल घातली आणि बाहेर निघून गेला.

काका एकटाच मुंबईला गेला. जाण्याआधी तो काकीशी काय बोलला ते मला ठाऊक नाही. मोठा आवाज झाला नाही. चार दिवसांनी काकीचा भाऊ चिपळूणहून आला आणि तिला माहेरी घेऊन गेला, "थोडे दिवस" म्हणून. तिने मला जवळ घेतलं, वेणी नीट करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. ती परत आली नाही. पुढे काकाने मुंबईत दुसऱ्या बाईशी संसार मांडला. आमच्याकडे तिचं नाव निघायचं बंद झालं, आणि मी अभ्यासाला लागले. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला सांगू, तेव्हा नाही वाटलं. मी खरं शोधून काढलं होतं.

आत्याचं बोलणं खरं ठरलं आणि मला घाटावरच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाला शवविच्छेदन असतं. आठ मुलांना एक देह. हाताची पाळी आली तेव्हा तळहात माझ्या वाट्याला आला. शिकवणारे सर शेजारच्या टेबलावरूनच ओरडले, "अंगठ्याच्या बुडाशी सुरी हलकी धरा, तिथे एक फांदी आहे." मी हलकीच धरली होती, पण कातडीखालची चरबी सारताना काहीतरी तुटलं. शिवायच्या दोऱ्याएवढं जाड, पांढरट. सर आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "झालं. गेला अंगठा." मग त्यांनी सगळ्यांना बोलावून ती तुटकी फांदी चिमट्याने उचलून दाखवली. मुख्य नस मनगटातून तळहातात शिरते, आणि तिथून ही एक फांदी मागे वळून त्या तीन लहान स्नायूंना जाते. कातडीच्या अगदी जवळ, म्हणून लहानशा जखमेतही तुटते. "आणि लक्षात ठेवा, ही फांदी कातडीला काही देत नाही. टोचलेलं कळायच्या फांद्या वेगळ्या. ही तुटली तरी रुग्णाला टाचणी टोचल्याचं कळतं, टोक वाकतं, मूठ मिटते. नवशिके इथेच फसतात. त्याला अंगठा करंगळीला लावायला सांगा, मग बघा." मुलं वहीत लिहून घेत होती. माझ्या हातात सुरी होती आणि मला ती खाली ठेवता येईना. सरांना वाटलं मला फॉर्मलिनच्या वासाने घेरी आली. त्यांनी मला बाहेर बाकावर बसवलं आणि पाणी आणवलं. मी तिथे रडले. काकी गेल्यावर पहिल्यांदा, सहा वर्षांनी.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाण्याआधी मी चिपळूणला उतरले. काकीच्या भावाचं घर गावापासून चालत तासाभरावर. अंगणात भाताची झोडणी संपली होती आणि काकी सुपाने भात वारवत होती. सूप तिने दोन्ही तळव्यांमध्ये दाबून धरलं होतं. मला ओळखायला तिला वेळ लागला. "शालू? एवढी मोठी झालीस?" तिने चहा केला, पोहे केले, आईची विचारपूस केली. मी तिचा उजवा हात बघायला मागितला. फुगवटा नव्हताच. तिथे खड्डा होता आणि कातडीखाली हाड हाताला लागत होतं. मी खिशातलं बॉलपेन काढलं आणि तिच्या तळहातावर नस काढून दाखवली, मनगटापासून वर, आणि मग ती मागे वळणारी फांदी, बरोबर त्या पांढऱ्या व्रणाखालून. इथे तुटली. म्हणून अंगठा समोर येत नाही. म्हणून राजू ओढता यायचा. म्हणून टोचलेलं कळायचं. मी भराभर बोलत होते, परीक्षेत बोलावं तसं.

काकी हाताकडे बघत राहिली. "म्हणजे खरंच तुटलं होतं काय गो?" ती म्हणाली. "मला तर वाटायला लागलेलं, मीच करतंय. सगळी सांगायची ना, सोंग सोंग. रोज सकाळी उठून बघायची, आज येतोय काय समोर. वाटायचं, माझ्या मनातच खोट हाय." मी म्हणाले, नाही, तुझ्या मनात काही नव्हतं. ती उठून दारात गेली आणि तिने भावजयीला हाक मारली. "वहिनी, इकडं ये. ही डॉक्टरीण काय सांगते ते ऐक." भावजय हात पुसत आली. "परत सांग," काकी मला म्हणाली. मी परत सांगितलं, ह्या वेळी सावकाश. काकीने पेनची रेघ वहिनीपुढे धरली. "बघ. इथं." मग संध्याकाळी भाऊ शेतावरून आला तेव्हा तिसऱ्यांदा सांगावं लागलं. तोवर तिने त्या हाताला पाणी लागू दिलं नव्हतं. आता जोडता येईल का, असं भावाने विचारलं. मी म्हणाले, आता उशीर झाला, वेळेवर मोठ्या इस्पितळात गेली असती तर कदाचित. पुढे मला कळलं, की दुसऱ्या एखाद्या बोटाच्या स्नायूची दोरी अंगठ्याला जोडून तो समोर आणण्याची शस्त्रक्रिया असते. मी तिला तसं पत्राने कळवलंही. तिने उत्तर पाठवलं, की डावा हात आता सगळं शिकलाय, त्याला कशाला रिकामा करू.

पण त्या संध्याकाळी "वेळेवर" हा शब्द माझ्याच तोंडून निघाला आणि मला पुढे गप्प बसवेना. भाऊ आणि वहिनी आत गेल्यावर मी काकीला टाचणीची गोष्ट सांगितली. ती झोपलेली असताना मी काय केलं, ओटीवर जाऊन काय ओरडले, काका का निघून गेला, सगळं. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

"मला ठाऊक हाय," काकी म्हणाली. "झोपलेली कुठं होते मी? बघत होते ना तुला, टाचणी घेऊन बसलेली."

"मग हात ओढलास कशाला?" मी जवळजवळ ओरडलेच. "तशीच पडून राहिली असतीस तर काका तुला घेऊन गेला असता."

"दुखलं गो," ती म्हणाली. "दुखलं तर हात ओढायचा नाय? सोंग करून पडून राहायचं?"